ताई, तुमच्या कशानं वाढल्या?

मागच्या महिन्यात नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसले होते. शेजारी एक बाई होत्या, यवतमाळहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या. मांडीवर फाइल, फाइलवर जेवणाचा डबा, आणि कोपराच्या आतल्या बाजूला जांभळा, कडेनं पिवळट पडत चाललेला डाग. तो डाग मी लांबूनही ओळखते. रक्त काढायला सुई टोचली की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असलेल्या आमच्यासारख्यांच्या हातावर तो उमटतो आणि आठवडाभर मुक्काम करतो. माझ्या हातातल्या रिपोर्टवर त्यांची नजर गेली. प्लेटलेट्स ८८,०००. त्यांच्या १४,०००.

"ताई, तुमच्या कशानं वाढल्या?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच पुढे म्हणाल्या, "डी व्हिटॅमिननं वाढतात म्हणे. माझं नऊच निघालं. मी पंधरा दिवसांपासून रोज एक पुडी घेऊन राहिली."

रोज! ती साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. मी घाबरूनच त्यांना म्हटलं, "आधी ती थांबवा आणि आत गेल्यावर डॉक्टरांना हेच पहिलं सांगा." तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत गेल्यावर मीही डॉक्टर मॅडमच्या कानावर घातलं. बाहेर आले तेव्हा त्या रक्त द्यायला गेल्या होत्या आणि मला बँकेत परत पोचायचं होतं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. ते एका वाक्यात देता येणारं नव्हतंच. नुसत्या तारखा पाहिल्या, तर ज्या दिवसांत माझं डी वाढलं त्याच दिवसांत माझ्या प्लेटलेट्स वाढल्या. आईला, शेजारच्या काकूंना, बँकेतल्या मैत्रिणींना अजूनही वाटतं की मला डीनं तारलं. काही दिवस मलाही तसंच वाटत होतं. ते तसं का नाही हे नीट सांगायचं, तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

२०२२ चा ऑगस्ट. नागपुरात ऑगस्ट म्हणजे कूलरच्या टाक्या उपसून कोरड्या करायचे आणि डेंग्यूच्या धास्तीचे दिवस. अंघोळीनंतर पाय पुसताना नडग्यांवर लाल टिपके दिसले, सुईच्या टोकाएवढे, मोजता येणार नाहीत इतके. घामोळ्या असतील म्हणून पावडर लावली. पण ते खाजत नव्हते, बोट फिरवलं तर हाताला लागत नव्हते, आणि वरून काचेचा पेला दाबून धरला तरी फिके पडत नव्हते. दोन दिवसांनी दात घासताना फेस गुलाबी झाला. सकाळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. दुपारी त्यांचाच फोन आला, "मॅडम, रिपोर्ट न्यायला थांबू नका, लगेच डॉक्टरकडे निघा." प्लेटलेट्स ९,००० होत्या. दीड ते साडेचार लाख असायला हव्यात.

डेंग्यू दोनदा तपासला, निघाला नाही. मग रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यामुळे काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं, म्हणून हे पाहतात. माझ्या चिकटल्या नव्हत्या, खरोखरच कमी होत्या. एकेक कारण वगळत गेल्यावर जे उरलं त्याचं नाव इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, आयटीपी. शरीर आपल्याच प्लेटलेट्सना परकं समजतं. त्यांच्यावर अँटिबॉडी जाऊन बसतात आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी अशा खूण झालेल्या प्लेटलेट्स गिळून टाकतात. अस्थिमज्जेत नव्या बनतात, पण गेलेल्यांची भरपाई होईल इतक्या नाही.

नागपुरात रक्ताचा आजार म्हटला की पहिलं नाव डोक्यात येतं ते सिकलसेलचं. विदर्भातल्या कितीतरी घरांनी तो पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. आईनं ऐकलं आणि तिथंच बसून घेतलं. "आपल्या घरात तर कोनालेच नाही, मंग तुले कुठून आला?" तो आईवडिलांकडून येतो आणि हा तसा येत नाही, हे तिला समजावता समजावता मला माझंच रडू आवरेना. शेजारून पपईच्या पानांचा रस आला, किवी आली, बकरीच्या दुधाचा पत्ता आला. सगळं मायेनं आलेलं. डेंग्यूत लोक हेच देतात. डेंग्यू उतरताना प्लेटलेट्स आपल्या आपण चढतात आणि नाव पपईचं होतं. माझा आजार असा आठवड्याभरात उतरणारा नव्हता.

पहिला उपचार स्टिरॉइडचा. डेक्सामेथासोन रोज ४० मिलिग्रॅम, चार दिवस. चार मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे एका वेळी दहा. तळहातावर त्या इवल्याशा दहा गोळ्या घेऊन ओट्यापाशी उभी राहिलेली मी मला अजून दिसते. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. प्लेटलेट्स १ लाख १० हजारांवर गेल्या, घरात पेढे आले, आणि तीन आठवड्यांत पुन्हा २०,००० च्या खाली आल्या. मग प्रेडनिसोलोन सुरू झालं, आधी भरपूर, मग हळूहळू कमी करत. चेहरा गोल झाला, जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, आणि डिसेंबरात पाठीनं धरलं. वाकून बादली उचलता येईना.

पाठीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डी तपासायला सांगितलं. ८.६ निघालं. कागदावर शेजारीच छापलं होतं की २० च्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं, ३० च्या वर पुरेसं. त्यांनी सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन घ्या म्हणून सुचवलं, कमरेत. घेण्याआधी मी रक्ताच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "स्नायूत सुई नको. तुमच्या प्लेटलेट्स खाली आहेत, आत रक्त साकळेल. तोंडानं घ्या." मग आठ पुड्या ठरल्या, दर रविवारी एक, दुधातून. जोडीला कॅल्शियमची गोळी.

८.६ हा आकडा पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मोकळं वाटलं. चार महिने मी रात्री छताकडे पाहत एकच विचारत होते की मलाच का. आयटीपीत त्याला बहुतेकदा उत्तर मिळत नाही. कधी एखाद्या विषाणूनंतर होतो, कधी दुसऱ्या आजारासोबत असतो, आणि बऱ्याचदा कारण म्हणून दाखवता येईल असं काहीच सापडत नाही. अशात एक कागद हातात येतो, त्यावर ठळक अक्षरांत 'कमी' लिहिलेलं असतं, आणि ते कमी असलेलं भरून काढता येण्यासारखं असतं. यवतमाळच्या त्या बाई रोज पुडी का घेत होत्या ते मला आतून समजतं. आपल्या हातानं काही करता येतंय, हीच मोठी गोष्ट असते.

मी वाचायला लागले. पहिला प्रश्न पडला तो नागपूरचा. जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतप्यात रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, तिथल्या माणसाला उन्हाचं जीवनसत्त्व कमी कसं पडावं? त्याचं उत्तर ज्या त्या ऋतूत वेगळं आहे.

त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी या किरणांनी. हे किरण अंगावर थेट पडावे लागतात, कारण खिडकीची काच त्यांना अडवते. सूर्य खाली असला की त्यांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं आणि त्यांतले फारच थोडे पोचतात. म्हणून सकाळचं कोवळं ऊन, ज्यात आई मला आवर्जून बसवायची, अंगाला बरं वाटतं, मनालाही, पण डीसाठी त्याचा उपयोग नसल्यासारखाच. "बसत जाय न बाई थोडं, आंग शेकून घे," असं म्हणत ती पाट मांडून ठेवायची. तिला हे सांगताना जिवावर आलं. ओळखायची सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा त्या उन्हात यूव्हीबी पुरेसं असतं.

त्या डिसेंबरात मी गच्चीवर सावली मोजली. भिंतीला टेकवून ठेवलेला झाडू मोकळ्या जागी उभा धरला, सावलीच्या टोकाशी आईनं खडूनं रेघ मारली, मग झाडू आडवा ठेवून पाहिला. बारा वाजून गेले होते, सूर्य त्या दिवसाच्या सगळ्यात वर होता, आणि सावली झाडूएवढीच. नागपूर २१ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य इथं जेमतेम ४५ अंश वर येतो. म्हणजे हिवाळ्यात बसायचं तर संत्री सोलत दुपारीच बसायला हवं, आणि दुपारी मी बँकेत काउंटरच्या मागे, एसीत, काचेआड.

उन्हाळ्यात सगळं उलट. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो. सव्वाबाराच्या सुमारास विजेच्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच जिरते. सकाळी नऊपासून सावली आखूड असते, यूव्हीबी हवं तेवढं. पण तेव्हा शहर दारं लावून घेतं. वाळ्याच्या ताट्या, ओढलेले पडदे, कूलरची घरघर. ज्या बाया घराबाहेर पडतात त्या स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून, फक्त डोळे उघडे ठेवून गाडीवर निघतात. त्यांनी तसंच निघावं. नागपूरच्या मेमधल्या दुपारी डीसाठी उघड्यावर बसा असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, उष्माघातानं माणसं दगावतात. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन ते किरण शोषतं, त्यामुळे आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. जेवणातून फार येत नाही. तेलकट मासे, अंड्यातला पिवळा बलक, आणि ज्या दुधा-तेलावर निळा 'प्लस एफ' छापलेला असतो ते, म्हणजे वरून जीवनसत्त्व घातलेलं. आमचं घर शाकाहारी, म्हणजे त्यातलं शेवटचंच.

उन्हाबद्दल एक गोष्ट आमच्या आजारात फार महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. प्लेटलेट्स कमी होणं हे कधी कधी ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या एका आजाराचं, पहिलं लक्षण असतं, आणि ल्युपसमध्ये ऊन लागून आजार भडकतो. माझी त्यासाठीची एएनए तपासणी झाली होती, ती निगेटिव्ह होती, म्हणून मला गच्चीवर बसायला हरकत नव्हती. ज्यांची झाली नसेल त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून उन्हात बसू नये.

त्याच आठवड्यात मी आईचंही रक्त तपासून घेतलं. चौसष्ट वर्षांची, अमरावतीकडच्या खेड्यात शेतात वाढलेली, आता सहाव्या मजल्यावर राहणारी. तिचं डी १३ निघालं आणि प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. मी तो कागद बराच वेळ हातात धरून होते. आपल्या देशातल्या शहरांमध्ये जिथं जिथं मोजलं, तिथं मोठ्या संख्येनं लोकांचं डी कमी सापडलं आहे. डी कमी असणं एवढ्यानंच प्लेटलेट्स संपत असत्या, तर आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांच्या नडग्यांवर लाल टिपके दिसले असते.

तरी हा विचार अगदीच हवेत नाही. डीचं काम फक्त हाडांपुरतं नाही. यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याचं जे सक्रिय रूप बनतं, ते पकडणारे रिसेप्टर प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर, बी पेशींवर, प्लेटलेट्स गिळणाऱ्या त्या भक्षक पेशींवरही असतात. प्रयोगशाळेत असं दिसतं की डी मिळालं की चढाई करणाऱ्या टी पेशी थोड्या निवळतात आणि त्यांना आवरणाऱ्या, नियामक टी पेशींना बळ मिळतं. आयटीपीत नेमक्या या आवरणाऱ्या पेशीच दुबळ्या पडलेल्या असतात. म्हणून डॉक्टरांनाही आशा वाटते. आयटीपीच्या प्रौढ रुग्णांचं डी निरोगी माणसांपेक्षा कमी असतं असं छोट्या छोट्या अभ्यासांत दिसलंही आहे.

पण कमी असतं म्हणजे आधी ते कमी झालं आणि मग आजार आला, असं होत नाही. आजारी माणूस घरात राहतो, त्याला ऊन लागत नाही. अंगात दाह असला की रक्तातली डीची पातळी तशीही खाली येते. वरून स्टिरॉइड. ते डीचा निचरा वाढवतं. माझं ८.६ हे ऑगस्टमधलं नव्हतं, डिसेंबरातलं होतं, चार महिने आजारात आणि स्टिरॉइडवर काढल्यानंतरचं. ऑगस्टमध्ये किती होतं? तेव्हा कोणी मोजलंच नाही. ते कारण होतं की परिणाम, हे त्या एका कागदावरून कधीच कळणार नाही. मला हे स्वीकारायला जड गेलं.

२०२२ मध्येच एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा निकाल आला होता, व्हायटल नावाची. २५,८७१ माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची. निम्म्यांना रोज २,००० युनिट डी, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, पाच वर्षांच्या वर. डी घेणाऱ्यांत १२३ जणांना नवा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटण्याचा, आजार झाला, रिकामी गोळी घेणाऱ्यांत १५५ जणांना. म्हणजे २२ टक्के कमी. बातम्यांत २२ टक्के आले. मला १२३ आणि १५५ जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण दोन्ही बाजूंना जवळजवळ तेरा हजार माणसं होती. फरक खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण ती चाचणी हे आजार होऊ नयेत यासाठी होती. आमच्यासारख्या, ज्यांना झालेलाच आहे, त्यांचं डी वाढवून प्लेटलेट्स वाढतात का, हा प्रश्न तिनं विचारलाच नव्हता. २०१३ मध्ये दोन आयटीपी रुग्णांची हकीकत छापून आली होती, डीच्या मोठ्या डोसनंतर प्लेटलेट्स चढल्याची. हीच बहुतेक लोकांपर्यंत फिरत फिरत पोचलेली असते. त्यांना डीसोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही दिलं होतं, आणि ते औषध स्वतःच रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालतं. मग श्रेय कोणाला द्यायचं?

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

प्रेडनिसोलोन कमी करत आणलं तशा प्लेटलेट्स पुन्हा १८,००० वर आल्या. जानेवारीच्या सुरुवातीला मॅडमनी एल्ट्रोम्बोपॅग सुरू केलं. ही गोळी अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट्स बनवायला लावते. सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत आकडा हलतो, असं त्या म्हणाल्या होत्या. गोळी महाग. तीन आठवडे झाले, आकडा २२,०००. नवरा काही बोलला नाही, पण त्या रात्री तो बराच वेळ पासबुक घेऊन बसला होता.

पुढच्या भेटीत मॅडमनी डोस वाढवायच्या आधी विचारलं, "गोळी कशी घेता ते मला सकाळपासून सांगा." मी सांगत गेले. सहाला उठते. साडेसहाला उपाशीपोटी ही गोळी घेते, तुम्ही सांगितलं तशी, कपभर दुधाबरोबर. नुसत्या पाण्यानं मळमळतं म्हणून. रविवारी त्याच दुधात डीची पुडी असते. मग सातला कॅल्शियम, म्हणजे विसरायला नको.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

एल्ट्रोम्बोपॅगला कॅल्शियम चालत नाही. पोटात दोन्ही एकत्र आले की ते एकमेकांना धरून बसतात आणि औषध रक्तात नीट शिरतच नाही. कॅल्शियमयुक्त जेवणाबरोबर घेतलं तर अर्ध्याहून जास्त वाया जातं. दूध, दही, पनीर, ताक, कॅल्शियमची गोळी, लोह, ॲसिडिटीचं औषध, या सगळ्याच्या निदान दोन तास आधी किंवा चार तास नंतर ते घ्यायचं असतं. पाठीचे डॉक्टर आणि रक्ताच्या मॅडम वेगळे, दोघांची कागदं वेगळी, आणि ती एकत्र होत होती फक्त माझ्या ओट्यावर, एका कपात. मी उपाशीपोटी ऐकलं होतं. दूध म्हणजे पोट भरणं नव्हे, असं मी धरून चालले होते. आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या औषध दुधाबरोबरच घेत आले आहेत. कोणालाही वाटलं नसतं.

त्या दिवसापासून वेळा बदलल्या. संध्याकाळी साडेसातला जेवण, पानात दही-ताक नाही. रात्री साडेअकराला गजर लावून एल्ट्रोम्बोपॅग, साध्या पाण्याबरोबर. सकाळी दूध. दुपारी जेवताना कॅल्शियम. फ्रिजवर कागद चिकटवला आणि त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं, 'पांढरं काहीही नको'. आईला वाचायला सोपं जावं म्हणून.

फेब्रुवारीच्या मध्यावर डीच्या आठ पुड्या संपल्या. फेब्रुवारीच्या शेवटी प्लेटलेट्स १ लाख २० हजार. मार्चमध्ये डी तपासलं, ३६. दोन्ही कागद शेजारी ठेवून शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाहा, मी म्हटलं नव्हतं?" आणि आईनं देवापुढे साखर ठेवली. दोन आकडे एकदम वर गेलेले दिसले की डोळा त्यांना आपोआप एका धाग्यात ओवतो. माझ्या डोळ्यानंही ओवले. मला ठाऊक होतं की मधे दुधाचा कप हलवला होता, तरी मनात येत राहिलं, कदाचित दोन्हीमुळे? कदाचित डीनं आधी जमीन तयार केली?

तेव्हा मला हॅरिंग्टन आठवला. विल्यम हॅरिंग्टन, अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातला तरुण डॉक्टर. १९५० पर्यंत नक्की माहीत नव्हतं की आयटीपीत प्लेटलेट्स बनत नाहीत की नष्ट होतात. त्यानं एका आयटीपी रुग्ण बाईचं सुमारे अर्धा लिटर रक्त काढून स्वतःच्या शिरेत चढवलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ संपल्या, त्याला झटका आला, अंगावर तेच लाल टिपके उठले. काही दिवसांनी तो सावरला. त्या बाईच्या रक्तातलं काहीतरी निरोगी माणसाच्याही प्लेटलेट्स खातं, हे त्यानं स्वतःच्या जिवावर दाखवलं. १९५१ मध्ये ते छापून आलं आणि हा आजार प्रतिकारशक्तीचा आहे हे कळायची वाट मोकळी झाली. मला त्याच्या धाडसाइतकीच दुसरी गोष्ट भावते. त्यानं एकच गोष्ट बदलली होती. सकाळी तो निरोगी होता, एक बाटली रक्त घेतलं, संध्याकाळी आजारी होता. मी त्या दोन महिन्यांत स्टिरॉइड कमी केलं, नवी गोळी सुरू केली, डी भरलं, कॅल्शियम लावलं आणि मग वेळा बदलल्या. माझ्या शरीरावरून कोणी काही सिद्ध करू नये. मीसुद्धा.

पण एक खूण मिळाली. त्या वर्षी दिवाळीत मी घरच्यांच्या सांगण्यावरून रात्री उशिरा बासुंदी, मठ्ठा असं पंधरा दिवस सैल वागले. डी तेव्हा ३८ होतं, उत्तम. प्लेटलेट्स ४१,००० वर आल्या. वेळा पाळल्या, पुन्हा चढल्या.

मग डी कशाला घ्यायचं, असं आईनंच विचारलं. हाडांसाठी. माझ्या मते आमच्या आजारात डी तपासायचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे, आणि प्लेटलेट्सच्या नादात नेमकं तेच मागे पडतं. स्टिरॉइड हाड बांधणाऱ्या पेशींना थंड करतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देतं, लघवीवाटे जास्त घालवतं. हाडांची ही झीज सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, म्हणजे माणूस फक्त प्लेटलेट्सच्या आकड्याकडे पाहत असतो त्याच काळात. माझा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाला तेव्हा कमरेच्या मणक्यांची घनता कमी निघाली. बेचाळिसाव्या वर्षी. स्टिरॉइड सुरू झालं त्याच आठवड्यात डी आणि कॅल्शियमचा विचार झाला असता, तर पाठ इतकी गेली नसती असं मला आजही वाटतं. ज्या माणसाच्या प्लेटलेट्स कमी आहेत, त्याचं हाड मोडणं म्हणजे काय असतं, हे सांगायला नको.

आणि जास्तही नको. साठ हजार युनिट म्हणजे फक्त दीड मिलिग्रॅम, पण प्रौढाची रोजची गरज आहे साधारण ६०० युनिटची. डी चरबीत साठतं, पाण्यासारखं वाहून जात नाही. रोज पुडी घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं, तहान, मळमळ, बद्धकोष्ठ सुरू होतं, मूत्रपिंडाला धक्का बसतो. ३० ची ती रेघही दगडावरची नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं ती २०११ मध्ये आखली. तिथल्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीच्या मते बहुतेकांच्या हाडांना २० पुरतात, आणि २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनं स्वतःच ती रेघ सोडून दिली. लॅबच्या कागदावर अजून छापून येते. मी आता मॅडमच्या सांगण्यानुसार महिन्याला एक पुडी घेते, दुपारच्या जेवणानंतर.

काल बँकेतून येताना दवाखान्यात फोन केला. त्यांनी नाव सांगितलं नाही, सांगायलाही नको, पण मी वर्णन केलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या की यवतमाळच्या ताईंचं कॅल्शियम थोडं वाढलेलं निघालं होतं, पुड्या बंद केल्या, आता ठीक आहेत. पुढच्या मंगळवारी माझ्याच वेळेला येणार आहेत. मी माझ्या वहीतल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली आहे. एका बाजूला तारखा, शेजारी प्लेटलेट्स, शेजारी डी, आणि ३१ जानेवारीच्या ओळीत माझ्याच अक्षरात तांबड्या शाईनं, 'दूध वेगळं केलं'. त्यांचं औषध वेगळं असेल. तरी मी आधी विचारणार आहे, "ताई, स्टिरॉइड कधीपासून आहे? आणि पाठ दुखते का?"